तो माझ्याशीच बोलत होता

मंडळी, बातमी अगदी साधी असते. अमुक एक सूत्रसंचालक वृद्धापकाळानं गेले, मुलांच्या कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचलेले होते, वगैरे. जेमतेम दोन परिच्छेद. आणि ते वाचून पन्नाशीतला, चांगला चार माणसांवर हुकूम चालवणारा गृहस्थ फोन हातात धरून नुसता बसून राहतो. बायकोनं विचारलं, "काय झालं हो?", तर सांगणार काय? ना नात्याचा ना गोत्याचा. जन्मात भेट नाही. हा गृहस्थ या जगात आहे हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. मग "काही नाही, असंच" म्हणून तो उठतो.

मला त्या "काही नाही, असंच"बद्दल बोलायचंय. कारण आपण ते म्हणतो ते लाजेनं. एवढा मोठा घोडा झालो आणि टीव्हीतल्या माणसासाठी गळा दाटतोय!

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मानसोपचाराच्या एका नियतकालिकात याच ओळखीवर लेख लिहिला. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे बघतो, बोलता बोलता थांबतो, जणू आपल्या उत्तरासाठी थांबलाय. घरातला माणूस मनातल्या मनात उत्तर देतो. रोज असं झालं की ओळख होते, एकतर्फी का असेना. त्यांचं लिहिणं बरंचसं मोठ्यांच्या कार्यक्रमांवर होतं. मोठ्यांची ही गत, तर चार वर्षांच्या पोराचं काय सांगावं? निरोप घेताना पडद्यातल्या माणसानं हात हलवला की मीही हलवायचो. तोही घाईघाईनं, पडदा काळा व्हायच्या आत. त्याला दिसला पाहिजे ना!

आता, हे आपोआप होत नसतं. त्यामागे कसब असतं. फ्रान्सिस हॉर्विच या शिकागोतल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक. १९५२मध्ये त्या टीव्हीवर 'मिस फ्रान्सिस' म्हणून आल्या, कार्यक्रमाचं नाव 'डिंग डाँग स्कूल'. त्यांचा कॅमेरा खाली, जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला असे. बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प राहायच्या. स्टुडिओत त्या वेळी काय वाटत असेल, विचार करा. टीव्हीत शांतता म्हणजे घोटाळा, काहीतरी बंद पडलंय. पण बाई थांबायच्या, आणि मग ऐकू आल्यासारखं पुढे बोलायच्या. घरातलं पोर खरोखर उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं!

'रॉम्पर रूम' या मुलांच्या कार्यक्रमाची युक्ती त्याहून धीट. त्यातल्या बाई शेवटी जादूचा आरसा डोळ्यांसमोर धरायच्या, त्यातून थेट तुमच्याकडे बघायच्या आणि नावं घ्यायच्या. मला जॉन दिसतोय, मला मेरी दिसतेय. त्या जॉन-मेरीला काय वाटलं असेल ते सोडा. ज्यांचं नाव जरा आडवळणाचं होतं आणि म्हणून वर्षभर बसूनही कधी आलंच नाही, त्या मुलांची मला जास्त आठवण येते. त्यांच्या लेखी बाईंना सगळं जग दिसत होतं, फक्त आपण तेवढे दिसत नव्हतो.

या सगळ्यांत फ्रेड रॉजर्स हा माझ्या मते वेगळाच माणूस. १९६८पासून २००१पर्यंत त्यांचा कार्यक्रम अमेरिकेत देशभर दिसला. पिट्सबर्गचा हा मनुष्य, दीक्षा घेतलेला पाद्री. कार्यक्रमातल्या घरात आला की कोट काढून स्वेटर घालायचा, बूट बदलायचा आणि माशांना खायला घालायचा. हे रोज, आणि सावकाश. आजच्या हिशेबानं असह्य सावकाश. पण एक गोष्ट बघा. माशांना खायला घालताना रॉजर्स ते तोंडानं सांगू लागले: मी आता माशांना खायला घालतोय. ज्याला दिसतंय त्याला हे सांगायची काय गरज? त्याचं असं झालं की एका लहान अंध मुलीचं पत्र आलं होतं. तुम्ही सांगितलं नाही तर माशांना खायला मिळालं की नाही ते मला कळत नाही, मला त्यांची काळजी वाटते, असा त्याचा आशय. तेव्हापासून रॉजर्स सांगू लागले. लाखो मुलं बघत होती, आणि ते एक वाक्य त्यातल्या एकीसाठी होतं. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण प्रत्येकाला ते आपल्यालाच सांगताहेत असं वाटत होतं.

पत्रावरून बिडी बॅक्स्टर आठवल्या. बीबीसीचा मुलांचा कार्यक्रम 'ब्लू पीटर' १९५८मध्ये सुरू झाला आणि बाईंनी तो पुढे कितीतरी वर्षं चालवला. त्या पडद्यावर नव्हत्या, पडद्यामागे होत्या. लहानपणी त्यांनी एका प्रसिद्ध लेखिकेला पत्र धाडलं होतं. उत्तर आलं, पोरगी हरखली. तिनं लगेच दुसरं पत्र धाडलं, नवे प्रश्न विचारून. उत्तर आलं ते शब्दन् शब्द पहिल्यासारखंच! ती जखम त्या विसरल्या नाहीत. म्हणून 'ब्लू पीटर'मध्ये पत्र पाठवणाऱ्या मुलांच्या नावांची कार्डं ठेवली जायची, म्हणजे तेच मूल पुन्हा लिहील तेव्हा मागचं काय झालं ते उत्तर देणाऱ्याला माहीत असेल.

पण आठवणींचा एक खोडसाळपणा असतो. त्या हिशेब नीट ठेवत नाहीत. याच कार्यक्रमात १९६२च्या नाताळाच्या सुमारास एक कुत्र्याचं पिल्लू मुलांना दाखवलं गेलं आणि दोनच दिवसांत ते आजारानं मेलं. मुलांना कोण सांगणार? निर्मात्यांनी तसंच दिसणारं दुसरं पिल्लू शोधून आणलं, मुलांकडूनच त्याचं नाव मागवलं, आणि 'पेट्रा' पुढे वर्षानुवर्षं लाडकी होऊन राहिली. शोधाशोध करणाऱ्यांत बॅक्स्टर होत्याच. दुसऱ्यांदा तेच पत्र आलं म्हणून दुखावलेली मुलगी ती हीच.

अमेरिकेत तर गावोगावच्या टीव्ही स्टेशनांवर मुलांचे लाडके 'कॅप्टन' आणि विदूषक असायचे. ते कार्टून दाखवता दाखवता मध्येच खाऊच्या खोक्यावर हात ठेवून "आईला सांगा हं" म्हणायचे. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास, तोच विक्रेता. सूपी सेल्स नावाच्या विनोदी नटानं तर १९६५च्या १ जानेवारीला कमाल केली. आईबाबा झोपलेत ना, त्यांच्या पाकिटातले हिरवे कागद (म्हणजे डॉलरच्या नोटा) काढा आणि मला पाठवा, म्हणाला! गंमत केली होती त्यानं, पण स्टेशननं त्याला काही दिवस घरी बसवलं. प्रेक्षक त्याच्याच बाजूनं उभे राहिले. १९६८मध्ये बॉस्टनजवळच्या काही आयांनी मुलांच्या टीव्हीवरच्या असल्या विक्रीविरुद्ध संघटना काढली, आणि सत्तरच्या दशकात सूत्रसंचालकानं स्वतः माल विकणं बंद झालं. जाहिरातीचा पैसा आटला तसे हे स्थानिक काका-मावशाही पडद्यावरून गेले, हे मात्र कुणी फारसं बोलत नाही. चांगला नियम होता. मी त्याच्याच बाजूचा आहे. पण आपण ज्यांच्यासाठी हळहळतो त्यांच्यातले बरेच जण कॉर्नफ्लेक्स विकत होते, हे विसरून हळहळू नये.

आणि तरीही हळहळतो. बॉब कीशन घ्या, मुलांच्या कार्यक्रमातला 'कॅप्टन कांगारू'. १९५५मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हा जेमतेम २८ वर्षांचा, आणि रंगवायचा आजोबा. पांढऱ्या केसांचा टोप, मिशी. जवळजवळ तीस वर्षं चालला तो. टोप घालून म्हातारा झालेला तरुण शेवटी खराच म्हातारा झाला. बघणाऱ्या मुलांना फरक कळलाच नाही, त्यांच्या दृष्टीनं तो कधी तरुण नव्हताच. म्हणून २००४मध्ये तो गेला तेव्हा ज्यांना धक्का बसला त्यांना स्वतःच्या वयाचाही बसला असणार.

शेवटी एकच प्रसंग सांगतो. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी कार्यक्रमात दुकान चालवणारे मिस्टर हूपर होते, ते काम विल ली करायचे. १९८२च्या डिसेंबरात ली गेले. पेट्राचा मार्ग खुला होता, दुसरा नट आणता आला असता. हूपर दूर राहायला गेले, असंही सांगता आलं असतं. पण कार्यक्रम करणाऱ्यांनी ठरवलं की मुलांना खरं सांगायचं. भाग दाखवला गेला १९८३च्या नोव्हेंबरात. बिग बर्ड, आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी, पण मन लहान मुलाचं. त्यानं सगळ्यांची चित्रं काढलीत आणि तो ती वाटतोय. हूपरचं चित्र हातात उरतं. ते परत आले की देईन, म्हणतो. मोठी माणसं सांगतात, मेलेली माणसं परत येत नाहीत. तो विचारतो, असं का? त्या मोठ्यांतला गॉर्डन उत्तर देतो, कारण नाही, असंच असतं.

म्हणजे तेच "असंच". फक्त इथे ते मुलाच्या डोळ्यांत बघून म्हटलेलं आहे.

बिग बर्डला हूपरचं नाव कधीच धड घेता यायचं नाही. त्या दिवशीही तो म्हणाला, मला तुमची आठवण येईल, मिस्टर लूपर. कुणीतरी ओल्या आवाजात सवयीनं चूक सुधारली: हूपर, बिग बर्ड, हूपर. ते चित्र मग त्याच्या घरट्यापाशी लागलं. काढलं होतं ते त्या पिसांच्या आतल्या माणसानंच, कॅरोल स्पिनीनं. तोही २०१९च्या डिसेंबरात गेला.