पापणी अर्धीच लवते

[काळा पडदा. फक्त पंख्याचा आवाज. हळूहळू अभ्यासिका दिसू लागते.]

रात्रीचे दीड वाजलेत. नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरची ही एक अभ्यासिका. ट्यूबलाइट चालू आहेत, तरी प्रत्येक चेहऱ्यावर उजेड पडलाय तो खालून, फोनचा. टेबलावर पुस्तकंही आहेत. जाडजूड, महागडी. एकावर पाण्याची बाटली ठेवलीय, दुसऱ्याला टेकवून फोन उभा केलाय.

[क्लोजअप : मेडिकलच्या सेकंड इयरच्या एका विद्यार्थिनीचा चेहरा.]

हिच्याकडे बघा. पॅथॉलॉजी चालू आहे. पुढचं अर्धं मिनिट आम्ही काही बोलणार नाही. हिची पापणी किती वेळा लवते, तेवढं मोजा.

[30 सेकंद. निवेदन नाही.]

तीन. त्यातली एक मोजायची की नाही, यावरून एडिटिंगला आमच्यात वाद झाला. शेवटी शॉट स्लो करून पाहिला. वरची पापणी निम्म्यापर्यंत आली आणि तशीच माघारी गेली. डोळ्याचा खालचा भाग उघडाच राहिला.

[चहाची टपरी, संध्याकाळ.]

तीच मुलगी, त्याच दिवशी संध्याकाळी. मैत्रिणीशी गप्पा चालल्यात. इथे मोजायला गेलं तर आकडा चुकतो, इतकी भराभर लवते. एरवी माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवतात. स्क्रीनवर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली. बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या मुलांना हे माप नवं नाही. सुश्रुतसंहितेत काळाची मोजणी सुरू होते तीच अक्षिनिमेषापासून, म्हणजे पापणी लवण्यापासून. असे 15 निमेष म्हणजे एक काष्ठा. अभ्यासिकेत काष्ठा बरीच लांबलीय.

[आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं प्रवेशद्वार. मग झेरॉक्सचं दुकान.]

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला 1998 साली सुरू झालं. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, असा राज्यभरातला पसारा म्हसरूळहून चालतो. त्या काळी अभ्यास म्हणजे झेरॉक्स. सीनियरच्या अक्षरातल्या नोट्स, त्यावर चहाचा डाग, आणि पुढच्या पाच बॅचपर्यंत त्या डागाचीही झेरॉक्स. 2019 मध्ये एमबीबीएसला नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्याची पहिली बॅच फर्स्ट इयरला असतानाच मार्च 2020 आला आणि लेक्चर फोनमध्ये गेलं. काहींनी डिसेक्शन, म्हणजे शवविच्छेदनसुद्धा व्हिडिओवर पाहिलं. कॉलेजं पुन्हा उघडली, फोन मात्र खिशात परत गेला नाही. नोट्स पीडीएफ, एमसीक्यू ॲपवर, ड्यूटीचं वेळापत्रक ग्रुपवर. पुढची नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, तर 200 प्रश्न, साडेतीन तास, कॉम्प्युटरसमोरच. परीक्षा केंद्रात कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे ते दृश्य आमच्याकडे नाही. पण ‘फोन बाजूला ठेव’ म्हणणाऱ्या घरच्यांनी एवढं तरी सांगावं, की मग वाचायचं कशावर?

झेरॉक्सच्या या दुकानात आता पासपोर्ट फोटो निघतात आणि ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात.

[नेत्रतपासणीची खोली. दिवे बंद. निळा प्रकाश.]

आता तिचा डोळा. केशरी रंगाची छोटी पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीला आतून टेकवली. दोनतीनदा उघडझाप. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा निळा प्रकाश पडला आणि बुबुळावर हिरवी चकाकी पसरली, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी एकसंध. हे अश्रूपटल. डोळ्याला लागून चिकट म्युसिनचा थर, त्यावर पाणी, आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून सगळ्यात वर तेलाची पातळ साय.

आता पापणी मिटायची नाही.

एक. दोन. तीन. चार. तो बघा, खाली उजवीकडे काळा ठिपका. पाच. ठिपक्याची रेघ झाली. पटल फाटलं. दहा सेकंदांच्या आत फाटलं तर डॉक्टर भुवया उंचावतात.

पाणीच कमी असेल, असं आम्हालाही वाटलं. म्हणून दुसरी चाचणी, शिर्मरची. गाळणकागदाची बोटभर पट्टी, टोक दुमडून पापणीत अडकवलेली. पाच मिनिटं ती तशीच बसून राहिली, गालावर पट्टी लोंबते आहे, हातात फोन नाही, काय करावं सुचत नाही. पट्टी 18 मिलिमीटरपर्यंत भिजली. दहाच्या पुढे गेली की ठीक धरतात. म्हणजे पाणी आहे. ते पसरवणारा हात थांबलाय. पापण्यांच्या कडेने मायबोमियन ग्रंथींची रांग असते, त्यांतलं तेल बाहेर येतं ते पापणी पूर्ण मिटली की. अर्धी लवली तर तेल आतच.

दुसरी गोष्ट अंतराची. पुस्तक 40 सेंटिमीटरवर धरलं तर डोळ्याला अडीच डायॉप्टरचा (भिंगाच्या ताकदीचं माप) जोर लावावा लागतो. आडवं पडून 25 सेंटिमीटरवर फोन धरला की चार. हे गणित सेकंड इयरचा कुठलाही मुलगा झोपेत सोडवतो, आणि झोपेपर्यंत फोन 25 सेंटिमीटरवरच धरतो.

[चष्म्याच्या दुकानाची काच : ‘ब्ल्यू कट’.]

दुकानदाराचा सगळा भर निळ्या प्रकाशावर. तो अडवणाऱ्या काचांच्या 17 चाचण्या एकत्र तपासणारा कोक्रेन या संशोधन संस्थेचा आढावा 2023 मध्ये आला. साध्या काचेपेक्षा यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. काच पापणी मिटवून देत नाही ना.

चुरचुर, डोकेदुखी, मानदुखी, धूसर दिसणं हे सगळ्यांनीच सांगितलं; मित्राच्या सल्ल्याने मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत जाऊ शकतं, हेही डॉक्टर जाता जाता म्हणाले.

[हॉस्टेलची खोली. मग गच्ची, सकाळ.]

दर 20 मिनिटांनी, 20 फुटांवर, 20 सेकंद बघा. नियम सगळ्यांना पाठ आहे. 20 फूट म्हणजे साधारण 6 मीटर, नंबर तपासायचा तक्ता असतो तेवढं अंतर. तिथे डोळ्याच्या आतला स्नायू जवळजवळ सैल पडतो. पण खोली आहे दहा बाय बारा. भिंत हात लांब केला की लागते.

म्हणून ती गच्चीवर येते. समोर गजपंथाचा डोंगर, अजून थोडं धुकं. कॅमेरा तिच्या डोळ्यांवरच ठेवलाय. पापणी लवते. पूर्ण. पुन्हा लवते.

खिशात फोन वाजला. साडेआठचं लेक्चर आहे, स्लाइड्स ग्रुपवर आल्यात.