गल्लीची वही

[पडद्यावर: सकाळची वेळ. मुंबईत मध्य रेल्वेच्या पूर्वेकडची एक गल्ली. रस्त्याच्या कडेला बॅरिकेड, बाजूला टिकाव-फावडी घेऊन उभे असलेले कामगार.]

आठवडा झाला, या गल्लीतल्या तीन इमारतींना गढूळ पाणी येतंय. पाण्याला वासही आहे. पाणी खात्याच्या माणसाने नळाखाली छोटी काचेची नळी धरली, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं. हे झालं नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी घाण पाणी शिरतंय. आता रस्ता उकरायचा, पण नेमका कुठे?

अभियंता साहेब या विभागात नवीन आहेत. त्यांच्याकडच्या नकाशात जलवाहिनी आहे, पण नकाशा निघाल्यानंतर रस्ता दोनदा झाला, फुटपाथ सरकला. तेवढ्यात गर्दीतून एक काका पुढे येतात आणि कापडी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची लांबट वही काढतात.

"साहेब, सहा नंबरच्या गेटसमोर बघा. मागे गॅसवाल्यांनी खणलं होतं तेव्हा आपली पाण्याची लाइन आणि गटाराचं चेंबर अगदी खेटून दिसलं होतं. फुटपाथच्या कडेपासून चार फूट."

"लिहून ठेवलंय तुम्ही?"

"चित्र काढून ठेवलंय."

काकांची सगळी नोकरी टेलिफोनच्या केबल जोडण्यात गेली. रस्त्याच्या पोटात काय काय असतं हे त्यांनी खाली उतरून पाहिलंय. निवृत्त झाल्यावर ते गल्लीच्या कमिटीचे सचिव झाले आणि कुणीही रस्ता खणला की वही घेऊन तिथे उभं राहायची सवय त्यांनी लावून घेतली. कोणी खणलं, किती खोल, खाली काय दिसलं, चर कधी बुजवली.

सहा नंबरच्या गेटसमोर खणलं. चेंबरच्या भिंतीला लागून गेलेला जुना लोखंडी नळ गंजून चाळणी झाला होता. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळेलाच येतं. पाणी सोडणारा चावीवाला चावी म्हणजे व्हॉल्व्ह बंद करून गेला की नळातला दाब उतरतो, आणि मग आजूबाजूला साचलेलं घाण पाणी त्या भोकांतून आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी चावी उघडली की तेच सगळ्यात आधी घरात येतं. संध्याकाळपर्यंत नळाचा तेवढा तुकडा बदलला गेला.

[पडद्यावर: वहीची पानं. पेनाने काढलेले आडवे छेद, बाजूला तारखा.]

ही कमिटी म्हणजे कोण? महापालिकेच्या कागदावर तिचं नाव आहे प्रगत परिसर व्यवस्थापन. इंग्रजीत अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणून बोलताना सगळे एएलएम म्हणतात. 1997 च्या सुमारास मुंबई महानगरपालिकेने ही योजना आणली. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपली गल्ली स्वतः सांभाळायला घेतली, त्या प्रयोगातून ती आकाराला आली. एखाद्या रस्त्यावरच्या सोसायट्यांनी, साधारण हजारभर वस्तीने, एकत्र यायचं, कमिटी नेमायची, विभाग कार्यालयात नोंद करायची. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, जमेल तिथे ओल्याचं खत करायचं. त्या बदल्यात पालिकेने या गल्लीच्या तक्रारींकडे लवकर लक्ष द्यायचं आणि विभागातल्या अधिकाऱ्यांनी कमिट्यांना नियमित भेटायचं.

सुरुवात कचऱ्यापासून झाली, ते योग्यच होतं. मुंबईचा कचरा 1927 पासून देवनारच्या कचराभूमीवर जाऊ लागला. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली, तेव्हा त्या धुराने चेंबूर-गोवंडीची माणसं खोकून हैराण झाली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. 2 ऑक्टोबर 2017 पासून पालिकेने मोठ्या सोसायट्यांना सांगितलं, दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा करत असाल तर ओला कचरा तुमचा तुम्ही जिरवा. त्या वर्षी अनेक सोसायट्यांची धावपळ झाली. या गल्लीत तोवर खताचे खड्डे जुने झाले होते.

ते सहज झालं नव्हतं. कमिटीच्या अध्यक्षा बालवाडी चालवतात. त्या दारोदार फिरल्या. पहिल्यांदा लोकांनी ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. मग ताईंनी सफाई कामगार महिलांना सोसायटीच्या सभेला बोलावलं. त्यातल्या एकीने हाताच्या तळव्यावरची जखम दाखवली. कुणाच्या तरी घरातली फुटलेली ट्यूबलाइट भाताच्या खरकट्यात टाकलेली होती, ती लागली होती. त्या दिवसापासून त्या सोसायटीत काच कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी दिली जाते. मला या सगळ्या चित्रीकरणात हा भाग फार मोलाचा वाटला. कायदा, दंड, पत्रकं हे सगळं आधी होऊन गेलं होतं. ज्या हातांना लागलं ते हात समोर आल्यावर घरं बदलली.

पुढे गाडीचा प्रश्न आला. घरात वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत एकत्र पडताना दिसला की माणसाचं मन उडतं, आणि ते साहजिक आहे. कमिटीने सुक्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी मागितली. ती मिळायला पत्रं, फेऱ्या आणि दोन साहेबांच्या बदल्या मध्ये गेल्या. प्रत्येक नव्या साहेबापुढे गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

अधिकाऱ्याची बदली होते, कंत्राटदाराची मुदत संपते, मुकादम दुसऱ्या बीटवर जातो. विभाग कार्यालयात फाइल असते, पण त्या फाइलमध्ये सहा नंबरच्या गेटसमोर काय दिसलं होतं ते नसतं. गल्लीत वर्षानुवर्षं राहणारी माणसंच ते लक्षात ठेवू शकतात. कमिटीला कुठलाही आदेश काढता येत नाही, तिच्या हातात निधी नाही, कुणाला दंड करता येत नाही. तिच्याकडे आहे ते लिहून ठेवलेलं, आणि ते घेऊन पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी. माझ्या मते या शहराला त्याची फार गरज आहे.

[पडद्यावर: मे महिना. चार-पाच जण रस्त्याच्या कडेने चालताहेत, एकाच्या हातात खडू.]

ही पावसाळ्याआधीची फेरी. मॅनहोलचं प्रत्येक झाकण पायाने दाबून पाहतात. हललं की बाजूला खडूने फुली, फोटो, आणि पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. दीपक अमरापूरकर गेले. त्यानंतर पालिकेने झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवायला घेतल्या. या फेरीत झाकणाखाली जाळी आहे की नाही तेही विचारतात. तक्रार क्रमांक आला की काका तो वहीत उतरवतात, आणि तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला की जागेवर जाऊन बघतात. काम झालेलं नसेल तर त्याच क्रमांकासमोर लाल शाईने लिहितात आणि विभागाच्या बैठकीत ते पान उघडून ठेवतात. कुणावर आवाज चढवत नाहीत. "साहेब, हे अजून राहिलंय," एवढंच.

आता एक अवघड गोष्ट.

गल्लीच्या टोकाला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे चाळ. सोसायट्यांच्या कमिटीत चाळीतलं कुणी नव्हतं. अशी बरीच वर्षं गेली. शहरभर हेच चित्र दिसतं. एएलएम इमारतींच्या. झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी आधी दत्तक वस्ती योजना होती, 2013 मध्ये तिच्या जागी स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान आलं. कागदावर वाटणी सोयीची आहे, पण रस्ता, गटार आणि पाण्याची लाइन भिंतीपाशी थांबत नाही. फेरीवाल्यांच्या बाबतीतही अनेक कमिट्या फक्त "उठवा" एवढंच म्हणत आल्या. सकाळी त्याच फेरीवाल्याकडून भाजी घ्यायची आणि दुपारी त्याच्याविरुद्ध अर्ज द्यायचा, हे मला पटत नाही. 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांना शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के जागा दिल्या. गल्लीच्या कमिटीत त्यांना एक खुर्ची द्यायला कुणाची हरकत असावी?

इथे भिंत ओलांडली ती त्या गढूळ पाण्यामुळे. गंजलेल्या नळावरूनच चाळीलाही पाणी जात होतं. इमारतींनी आठवडाभर बाटल्या विकत आणल्या. चाळीतल्या दोन मुलांना कावीळ झाली होती, आणि हे कमिटीला कळलं नळ बदलल्यानंतर. ताई स्वतः चाळीत गेल्या. पुढच्या बैठकीला चाळीतल्या तीन जणी आल्या. त्यातल्या एक वहिनी घरी पोळी-भाजीचे डबे करतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चावीवाला दादा सकाळी साडेचारला चावी उघडतात, पण आमच्याकडे पाणी चढतं पाच वाजता. मधला अर्धा तास जातो कुठे?" काकांनी वहीचं कोरं पान काढलं. आता त्या रोज वेळ टिपतात. कमिटीतल्या कुणालाही ठाऊक नव्हती अशी माहिती त्यांच्याकडे आहे.

[पडद्यावर: विभाग कार्यालयाचा जिना. फाइली घेऊन चढणारी माणसं.]

कायद्यात नागरिकांसाठी वरही जागा आहे. शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीनंतर मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. त्या नगरसेवकांच्या, पण मुंबईत प्रत्येक समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. 2007 मध्ये तर जुहूच्या रहिवाशांनी आपला उमेदवार स्वतः ठरवला आणि अॅडॉल्फ डिसोझा यांना निवडून पालिकेत पाठवलं. 2009 मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेचा कायदा केला. प्रभागाचे लहान भाग पाडायचे, तिथल्या मतदारांची सभा भरवायची, अध्यक्ष नगरसेवक. मुंबईत या सभा रुजल्याच नाहीत.

मग मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक व्हायला 15 जानेवारी 2026 उजाडलं. जवळजवळ चार वर्षं 227 प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर प्रभाग समित्याही बसल्या नाहीत. दाखला हवा, नाला तुंबला, झाड पडायला आलंय, जायचं कुणाकडे? या गल्लीत लोक ताईंच्या बालवाडीत यायला लागले. शेजारच्या दोन गल्ल्यांतूनही यायचे. ताईंनी कुणाला परत पाठवलं नाही, पण त्या स्पष्ट सांगायच्या, "मी अर्ज लिहून देते, सोबत येते. मंजूर करणं माझ्या हातात नाही." नगरसेवकाची जागा अशा कमिट्यांनी भरून काढली असं म्हणणं चूक ठरेल. बजेटवर बोलायला, सभागृहात प्रश्न विचारायला निवडून आलेलाच माणूस लागतो, आणि तो चार वर्षं नव्हता याची किंमत शहराने मोजली आहे.

आता नगरसेवक आहेत. कमिटीने त्यांना पत्र दिलंय. क्षेत्रसभा भरेल तेव्हा भरेल, तोवर आमच्या गल्लीत दर तीन महिन्यांनी एक जाहीर बैठक घ्या, सोबत पाणी, रस्ते आणि घनकचरा या तिन्ही खात्यांचे अभियंते आणा. बैठक चाळीच्या अंगणात व्हावी असंही त्यात लिहिलंय. पत्रावर पहिली सही डबे करणाऱ्या वहिनींची आहे. पहिल्या बैठकीसाठी एप्रिल महिना मागितलाय. पावसाळा तोंडावर आला की रस्ते खणायची परवानगी बंद होते, आणि चाळीकडे जाणारा उरलेला जुना नळ त्याआधी बदलून व्हायला हवा.