मशीनवरचा ‘५ नंबर’ म्हणजे ५ लिटर नव्हे!

नमस्कार मंडळी. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडून एकच प्रश्न येतोय: “दादा, पेशंट न्यायच्या गावच्या गाडीत खांद्याला लटकवायचं ऑक्सिजन मशीन ठेवलं तर चालेल काय?”

मशीनचं काम पटकन सांगतो. हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक खड्यांत अडकतो, ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन पुढं येतो.

आता मुद्दा. त्यावरचा ५ नंबर म्हणजे मिनिटाला ५ लिटर नव्हे! दोन-अडीच किलोचं मशीन मिनिटाला १ लिटरच्या आसपासच ऑक्सिजन तयार करतं. उरलेले ४ येणार कुठून?

ऊसवाल्यांनो, असं बघा की. पाटानं पाणी सोडलं तर किती वाया जातं! सिलिंडरच्या सलग प्रवाहाचं तसंच, आपण श्वास सोडत असताना ऑक्सिजन हवेत जातो. हे मशीन म्हणजे ठिबक. नाकातली ओढ ओळखायची, तेवढ्यापुरती फुंकर द्यायची. फार हुशार डिझाइन, बॅटरी टिकते. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या, चालत्याफिरत्या माणसाला हे मशीन म्हणजे आधारच.

पण ओढच नसली तर? माझी आत्या कणकुंबीची. पावसाळ्यात रात्री तिला दम लागला, आम्ही मशीन ५ वर लावून बेळगावची वाट धरली. तोंड उघडं, श्वास उथळ. नळीला श्वास सापडेना, मशीन सारखं शिट्टी मारतंय, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८२. जांबोटीच्या पुढं १०८ भेटली, त्यांनी सिलिंडर लावला तेव्हा आकडा चढला. तो रस्ता मी विसरलेलो नाही.

एकानं लिहिलंय, “मास्क लावा की त्याला.” नको! मास्कमध्ये ती ओढ मशीनपर्यंत पोचतच नाही. ५ नंबर, ५ लिटर नव्हे. परत सांगतोय, कारण इथंच जीव अडकतो.

गाडीत बी-टाइप सिलिंडर ठेवा. १० लिटरची टाकी, १५० बार दाब, म्हणजे सुमारे १५०० लिटर वायू. मिनिटाला ५ लिटरच्या प्रवाहानं ५ तास, १० लिटरनं अडीच. दाबाचा काटा निम्म्यावर असेल तर वेळही निम्मा. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नका, पाना गाडीतच बांधून ठेवा आणि काटा दर आठवड्याला बघा.