डिरेक्टरीतले पाटील

(दृश्य: रद्दीच्या दुकानातला तराजू, त्यावर एक जाड पुस्तक)

हे जे तराजूत पडलंय ना, कव्हर गेलेलं, कोपरे उंदराने कुरतडलेले, ही आमच्या जळगाव जिल्ह्याची जुनी टेलिफोन डिरेक्टरी. जरा पानं उलटा. पाटील. पाटील. परत पाटील. अजून उलटा, अजून पाटीलच चाललेत. आधी आडनाव, मग नाव, मग वडलांचं नाव, मग गल्ली नाहीतर पेठ आणि कडेला नंबर, सगळं एका ओळीत कोंबलेलं. खान्देशात पाटील शोधायचा म्हणजे नुसतं नाव माहीत असून भागत नाही भो, बापाचं नाव लागतं, गाव लागतं, आणि एखादा आकडा इकडचा तिकडं छापला की गेला तुमचा पाटील.

आमच्याकडे तेच झालं होतं. एका दवाखान्याच्या नावापुढे आमच्या घरचा नंबर छापून आला, एकच आकडा चुकलेला. मग काय, रात्री दीडला फोन, पहाटे चारला फोन, तिकडून कोणीतरी घाबरलेला माणूस, "डाक्टर साहेब घर शेतस का?" नाना उठायचे, लाईट लावायचे, कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने डॉक्टरांचा खरा नंबर लिहून ठेवलेला तो वाचून दाखवायचे, आणि पोराला ताप असेल तर तोवर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवा असंही सांगायचे. दुरुस्तीचा अर्ज दिला होता, पण पुस्तक छापून घरोघर गेलेलं, आता पुढची आवृत्ती निघेल तेव्हा. तोपर्यंत आमचे नाना अर्धे कंपाउंडर झाले.

तर छापील यादीतल्या एका आकड्याला एवढी किंमत असते, आणि ती चूक कोणी आणि किती दिवसांत सुधारायची, हा सगळा मामला त्याचाच आहे.

(दृश्य: जुना काळा फोन, डायल फिरतेय)

जगातली पहिली डिरेक्टरी म्हणजे पुठ्ठ्याचं एक पान होतं. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन गावात निघाली, त्यात ५० नावं होती आणि नंबर एकही नव्हता, कारण तेव्हा ऑपरेटरला नाव सांगितलं की तोच जोडून द्यायचा. पुढे गिऱ्हाईकं वाढली, नंबर आले, पुस्तकं जाड झाली आणि सरकारांच्या लक्षात आलं की गावात फोन कंपनी एकच, कोणाचा नंबर काय हे फक्त तिलाच ठाऊक, मग यादी छापायची की नाही हे तिच्या मर्जीवर कसं सोडायचं? म्हणून तिकडे कान्सास राज्यात नियमच होता, धंद्याची मक्तेदारी पाहिजे तर दरवर्षी अद्ययावत डिरेक्टरी काढायची.

त्याच कान्सासमधली एक केस भारी आहे. रूरल नावाची छोटी फोन कंपनी, तिने यादी द्यायला नकार दिला म्हणून फाइस्ट नावाच्या डिरेक्टरीवाल्याने तिची नावं उचलली. पण रूरलने आपल्या यादीत खोटी नावं पेरून ठेवली होती, चोर पकडायला, आणि त्यातली ४ फाइस्टच्या पुस्तकात जशीच्या तशी सापडली. चोरी तर पकडली, पण १९९१ मध्ये अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की नाव, गाव, नंबर ही माहिती कोणाच्या मालकीची नाही, ती अआईईच्या क्रमाने लावण्यात काही कलाकारी नाही, आणि तसंही ती यादी तुम्ही राज्याच्या नियमामुळे काढत होता. मला मात्र गंमत याची वाटते की लोकांसाठी म्हणून काढलेल्या यादीत कंपनीने मुद्दाम खोटी माणसं घातली होती. युरोपात २००२ च्या नियमात तर स्पष्टच लिहिलं, निदान एक तरी सर्वसमावेशक डिरेक्टरी पाहिजे आणि ती वर्षातून निदान एकदा अद्ययावत झालीच पाहिजे.

आपल्याकडे पुस्तक नाही सापडलं तर १९७ फिरवायचं, बाई विचारायच्या नाव काय, पत्ता काय. चौधरी म्हटलं की स्पेलिंग सांगा, आणि चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग एकाच वाड्यात तीन भावांचं तीन प्रकारचं! मग मोबाईल आला, कंपन्या झाल्या चार-पाच, प्रत्येकीकडे आपापल्या गिऱ्हाईकांची यादी आणि सगळ्यांची मिळून एक कोणाकडेच नाही. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेने, २००५ मध्ये डिरेक्टरी आणि चौकशी सेवेबद्दल शिफारशी दिल्या होत्या, पण ट्राय शिफारस करते, ठरवायचं सरकारने, आणि मोबाईलची डिरेक्टरी काही तुमच्या-माझ्या घरी आली नाही.

येऊ पण नये तशीच्या तशी, असं माझं मत. माझ्या बहिणीचा मोबाईल नंबर पानावर छापून बस स्टँडवर टांगलेला मला चालणार नाही. पूर्ण यादी म्हणजे ज्याची हरकत नाही असा प्रत्येक जण तिच्यात पाहिजे, दुकान, दवाखाना, ट्रॅक्टरवाला, केळीचा व्यापारी, आणि ज्याला नको त्याला नाव काढून घेता आलं पाहिजे. आज होतंय उलटंच, नाव दाखवणारी ॲप्स लोकांच्या फोनबुकातून नावं गोळा करतात, त्यामुळे तुम्ही ॲप घेतलं नसलं तरी त्या यादीत असू शकता, आणि कोणीतरी "रमेश उधारी" म्हणून सेव्ह केलं असेल तर तेच नाव फिरत राहतं.

(दृश्य: म्हातारी बोटं, मोबाईलच्या बटणांवर)

फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक शिफारस केली, फोन आला की स्क्रीनवर नाव दिसावं, आणि ते नाव सिम घेताना अर्जात दिलेलं असावं. ऐकायला बरं आहे. फसवणुकीच्या फोनला आळा बसला तर हवंच आहे. पण यातून फक्त कोणी फोन केला ते कळणार, मला ज्याला फोन करायचाय त्याचा नंबर यातून मिळत नाही, म्हणजे ही अर्धी डिरेक्टरी झाली. आणि अर्जातलं नाव म्हणाल तर खेड्यात जाऊन बघा, बायकोचं सिम नवऱ्याच्या नावावर, सालदाराचं मालकाच्या नावावर, पोराचं मामाच्या.

आमच्या नानांचं सिम माझ्या नावावर आहे. आयुष्यभर शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीनवर ठसा उमटेना, दुकानदार म्हणाला तुम्ही ठेवा ना अंगठा, मी ठेवला. म्हणजे उद्या नानांनी डॉक्टरांना फोन लावला की तिकडे माझं नाव दिसणार. परवा ते बदलायला गेलो तर सांगितलं, दोघं या, नानांना पण आणा, त्यांचं बोट परत एकदा ठेवून बघू.