नॉष्क्लॅरर आणि नॉष्क लॅरर

मंडळी, नॉर्वेत नोकरीला निघालेल्या आपल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी ‘नॉष्क्लॅरर’ हा शब्द घोटायला सांगेन. नॉष्क म्हणजे नॉर्वेजियन, लॅरर म्हणजे शिक्षक. जोडून लिहिलं, तर नॉर्वेजियन भाषा शिकवणारा; मग तो जन्माने पुणेकर का असेना. मध्ये जागा सोडली, की तो नॉर्वेचा माणूस. मग गणित का शिकवेना. आपल्या ‘मराठी शिक्षक’मधून दोन्ही अर्थ निघतात आणि संदर्भावर आपलं भागतं. तिथे हे लेखनातच ठरतं.

लेखनातली ती जागा बोलण्यातही ऐकू येते. जोडशब्दाला मुख्य आघात एकच, बहुतेक वेळा पहिल्या पदावर. ‘लॅ’वर त्याहून हलका दाब. सुटे शब्द असतील तर दोन्हींवर स्वतंत्र जोर. आपली मुलं स्पष्ट बोलायच्या नादात प्रत्येक पद ठासून, थांबून म्हणतात आणि ऐकणाऱ्याला एका हुद्द्याऐवजी दोन शब्द ऐकू येतात. तेव्हा सावकाश बोला, पण शब्द तोडू नका.

रचना आपल्या तत्पुरुषासारखी, उत्तरपद प्रधान. लेगे म्हणजे डॉक्टर. तान्लेगे दातांचा, बाणेलेगे मुलांचा. लिंग, अनेकवचन सगळं ‘लेगे’चं. आणि हा ‘ण’ खरोखर आपलाच बरं का! लिहिताना ‘बार्न’, पण ओस्लोकडे र आणि न मिळून मूर्धन्य ण होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो कष्टाने शिकावा लागतो, आपल्याला आयता मिळतो. बर्गन शहरात मात्र र घशातून येतो, तिथे हा ण नाही.

दोन पदांच्या सांध्यात कधी ‘ए’ येतो, जसा बाणेलेगेत. कधी ‘स’, जसा पंतप्रधानांच्या स्तात्समिनिस्तरमध्ये. कधी काहीच नाही. याला पक्का नियम नाही, शब्द पाठच करावे लागतात.

बसचालकाचा शब्द बघा. नॉर्वेजियन स्पेलिंगमध्ये ‘बस’च्या शेवटी दोन एस, ‘शोफर’साठीच्या शब्दाच्या सुरुवातीला एक. जोडल्यावर तीन व्हायला हवेत, पण नॉर्वेजियन लेखनात एकच व्यंजन ओळीने तीनदा येत नाही, म्हणून एक गळतो. सुटा ‘शोफॉर’ शेवटच्या अक्षरावर जोर घेतो. बसला जोडला की तो जोर दुय्यम होतो.

सुईणीला म्हणतात यूर्मूर. ‘मूर’ म्हणजे आई, तरी हे काम करणारा पुरुषही यूर्मूरच. सगळ्या शब्दांचं असं जमलं नाही. जिल्ह्यातल्या शासनाच्या प्रतिनिधीचं पद पूर्वी ‘फ्युल्केसमान’ होतं, शेवटी ‘मान’, म्हणजे पुरुष. १ जानेवारी २०२१ पासून ते ‘स्तात्सफॉरवाल्तर’ झालं. त्यातही सांध्याला तोच ‘स’ आहे. मुख्य आघात ‘स्तात्स’वर, दुय्यम ‘वाल्’वर. आता हा शब्द माझ्यामागून एका दमात म्हणा.