कूडोज कुणाला, कशाबद्दल

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. आपण सोलापूरकर. कौतुकाचे शब्द उसने आणायची वेळ आपल्यावर कधी आली नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असं सगळं शेजारी शेजारी नांदणारं आपलं गाव; 'बेस', 'भले', 'शाब्बास', 'लई भारी' ही माळ दिवसभर कानावर पडायची. इकडे ऑफिसात मात्र बढती असो की बारसं, आपली माणसं 'कूडोज' (इंग्रजी kudos, म्हणजे शाबासकी) लिहून मोकळी होतात. बारशाला हा शब्द शोभत नाही.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कीर्ती, तीही पराक्रमाने मिळवलेली. 19व्या शतकात इंग्लंडमधल्या विद्यापीठांतल्या पोरांनी तो आपल्या बोलीत ओढला. म्हणजे काहीतरी करून दाखवलेलं असेल तरच कूडोज. लग्न, बाळ, लॉटरी यांना 'काँग्रॅच्युलेशन्स'. बेत नुसता पसंत असेल तर 'ओके' पुरे.

'कूडोज टू अमका फॉर तमकं' अशी याची रचना: 'टू'पुढे माणूस येतो आणि 'फॉर'पुढे काम. आपण हा दुसरा भाग गाळतो, तिथेच कौतुक पोकळ होतं. सोलापुरी चादर हातात घेऊन 'छान आहे' म्हणा, विणकर मान हलवून पुढच्या कामाला लागेल. 'रंग पालटून तोच नमुना उलट्या बाजूलाही स्वच्छ उतरलाय, फुलाची कड कुठे सरकली नाही' असं म्हणा, तो चादर उलगडून दाखवायला लागेल. 'फॉर'पुढे असं काहीतरी हवं. 'फॉर युवर हार्ड वर्क' कुणालाही चिकटवता येतं. 'फॉर ट्रायिंग' तर सरळ टोमणाच वाटतो.

kudos या स्पेलिंगमधला शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही. 'केऑस', 'पेथॉस' यांच्यासारखाच हा शब्द एकवचनी, म्हणून 'कूडोज इज ड्यू', 'आर' नको. ब्रिटिश 'क्यूडॉस' म्हणतात. अमेरिकनांच्या तोंडी शेवटी 'ज' येतो, तो अनेकवचनासारखा वाटतो आणि त्यातून 'कूडो' हे एकवचन जन्मलं. इंग्रजीला ही खोड जुनी आहे, 'चेरी'सुद्धा अशीच 'स' कापून झाली. तरी अहवालात 'कूडो' लिहू नका, वाचणारा चूकच धरेल.

आजोबांना कुणी 'शाब्बास' म्हणत नाही. कूडोज तेवढा कडक नाही. बरोबरीच्याला, हाताखालच्याला खुशाल द्या. एकट्या साहेबाला लिहिलात तर मात्र आपण त्यांना मार्क देतोय असं दिसतं. तिथे 'थँक यू' आणि पुढे त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा.

आता मराठीत 'कूडोज मिळाले' की 'मिळालं'? ग्रीकमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी एकवचनी, तेव्हा 'मिळालं'. पण सोलापूरला आईला फोनवर सांगताना 'शाबासकी मिळाली' म्हणा, नाहीतर ती विचारायची, "केवढ्याला किलो?"