पावसाळ्यातलं पोट: विहिरीपासून संडासापर्यंत

मंडळी, पेरण्या आटोपल्या की आपल्याकडे निंदण आणि हगवण एकदमच सुरू होतात. पहिल्या दोन-चार जोरदार पावसांत उकिरड्यावरचं, नालीतलं, लोक उघड्यावर बसतात तिथलं पाणी उताराने वाहत विहिरीत येतं. जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचं दूषित पाणी पिऊन कितीतरी लोक आजारी पडले, काही दगावले. म्हणून पोटाचं बोलणं आज विहिरीपासून सुरू करतो.

ब्लिचिंग पावडर बहुतेक गावांत मुठीने पडते. मूठ कुणाची लहान, कुणाची मोठी. खरा हिशेब हजार लिटरला अडीच ग्रॅम, तोही चांगल्या पावडरीचा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 785 ने गुणा. तेवढे लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण 28 हजार लिटर, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. ती प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत काढून तेच विहिरीत सोडायचं आणि बादली खालीवर करून पाणी घुसळायचं. खालचा चुन्याचा गाळ बाहेर फेका. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं, काम काहीच होत नाही. हे रात्री, शेवटचं पाणी भरून झाल्यावर करा, कारण निदान एक तास पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्याला, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून दाखवायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही झालं, तर पावडर कमी पडली किंवा उघड्या पोत्यात दमट होऊन तिचा दम गेला. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट लागू पडत नाही. अशा वेळी घरी पाणी गाळून खळखळ उकळा. आणि माठात हाताने ग्लास बुडवणं बंद करा, लांब दांडीचं ओगराळं ठेवा. एवढी विहीर शुद्ध करून माठात बोटं बुडवली तर काय उपयोग!

तरी जुलाब लागलेच, तर पहिला इलाज ओआरएस. अख्खं पाकीट, एक लिटर पाणी, यात काटकसर नाही. पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं की ते फार दाट होतं, आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत, बोअरच्या खाऱ्या पाण्यात ते कालवू नका, गोडं पाणी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोजबरोबर मीठ आत घेतलं जातं आणि त्यामागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने कॉलऱ्याचे रोगी वाचवले. आपल्याकडे मात्र अजून 'सलाईन लावा, त्याशिवाय ताकद येत नाही' हा हट्ट सुटत नाही.

दोन वर्षांखालच्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. कालवलेलं 24 तासांनी फेका. सोबत आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत रोज एक, असे 14 दिवस. दोन दिवसांत जुलाब थांबले म्हणून गोळ्या सोडू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, मऊ वरणभात द्या. पोटाला आराम म्हणून लेकराला उपाशी ठेवणं चूकच आहे.

आता मोठ्यांचं 'पित्त'. दिवसभर वाकून निंदण, डवरणी, पुढे कापसाची वेचणी. कंबर धरली की मेडिकलमधून अंगदुखीची गोळी. ती दुखणं ज्या पद्धतीने थांबवते, त्याच पद्धतीने जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही काढून घेते. रोज, तेही उपाशीपोटी घेतली, की छाती जळते, पुढे व्रण होतो. दोष तर्रीला दिला जातो! तिखटाने जळजळ वाढते, पण व्रण बहुधा या गोळ्यांनी किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूने होतो. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. पित्ताची गोळी घ्यायचीच तर जेवणाआधी अर्धा तास. जेवून घेतली तर तिचा गुण कमी येतो. दोन आठवड्यांनंतरही ती लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. रात्री जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडून दाब वाढतो. आणि खर्रा सोडा. तंबाखूने अन्ननलिकेच्या तळाची झडप ढिली पडते.

'पोट साफच नाही होऊन राहिलं' ही तक्रार बायांची जास्त. अंधार पडेपर्यंत दाबून ठेवलं की मोठं आतडं मळातलं पाणी शोषत राहतं आणि खडा होतो. कित्येक घरी संडास बांधलेला आहे, पण त्यात सरपण ठेवलंय. ते आजच बाहेर काढा. सकाळी काही खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, ती वेळ चुकवू नका. राशनच्या भाताबरोबर ज्वारीची भाकर, अंबाडी, जवसाची चटणी परत ताटात येऊ द्या. इसबगोल घेतलं तर वर पूर्ण ग्लासभर पाणी प्या, नाहीतर तेच अडकून बसतं.

संडासच्या वेळी कापल्यासारखं दुखून थोडं रक्त लागलं तर बहुधा चीर असते, न दुखता लालभडक ठिबकलं तर बहुधा मूळव्याध. तरी तपासून घ्या. डांबरासारखा काळा, चिकट, घाणेरड्या वासाचा संडास झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, पोटाच्या वरच्या भागात, बहुधा जठरात, रक्तस्राव चालू असतो. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळा होतो, पण तो असा चिकटत नाही. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा.